फळा दिसेल असं बसवा

२ नोव्हेंबर, सोमवार

आमच्या अध्यापक महाविद्यालयात शिक्षक व्हायला आलेल्यांनी रोज ‘चिंतनशील दैनंदिनी’ लिहायची असते. चाळीस जण लिहितात, मी तपासते. चाळिसांनाही रोज ‘खूप काही शिकायला मिळते’. काय मिळालं ते कोणी लिहीत नाही. एकाला तर कॉलेज बंद होतं त्या दिवशीही शिकायला मिळालंय. तारीख बघायची राहिली असणार. दुसऱ्यांच्या वह्यांवर ‘मोकळेपणाने लिहा’ असा शेरा मारताना म्हटलं, मोकळेपणाने लिहिणं कसं असतं ते एकदा आपणही करून बघावं. त्यांच्याच गठ्ठ्यातली एक कोरी वही उचलली आहे.

तर मोकळेपणाने. वय त्रेपन्न. विषय शिक्षणाचा इतिहास, एकवीस वर्षं. घरी मी आणि आई. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. ते शाळामास्तर होते आणि संध्याकाळी घरच्या बाहेरच्या खोलीत मुलांचा वर्ग घ्यायचे. तिथे फळा होता तेवढ्या जागी भिंतीचा रंग अजून वेगळा दिसतो. रंग काढू या म्हटलं की आई म्हणते, पुढच्या वर्षी.

वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगा बसतो. काहीही सांगितलं की विचारतो, ‘मॅडम, हे परीक्षेला येणार आहे का?’ मनातल्या मनात मी त्याला ‘येणारका’ म्हणते. आज मी एका जुन्या मास्तरांबद्दल सांगत होते. शाळेला छप्पर नव्हतं, म्हणून ते सूर्याप्रमाणे वर्ग झाडाभोवती फिरवत न्यायचे. येणारकाने हात वर केला. मी म्हटलं, ‘ते वारले. आता कुठून येणार?’ वर्ग हसला. वर्ग हसला की मला दोन मिनिटं बरं वाटतं. मग आठवतं की हसले ते माझ्यावर, विषयावर नाही.

४ नोव्हेंबर, बुधवार

प्राचार्यांनी बोलावलं. यांना मी ‘परिपत्रक’ म्हणते, कारण ते बोलतात तेव्हा खाली जावक क्रमांक असावा असं वाटतं.

‘बसा मॅडम. विषय कालबाह्य झालाय असं माझं म्हणणं नाही.’

‘मग कोणाचं आहे?’

‘वरचं.’

वरच्यांना म्हणे पुरावा हवा. मुलांना हा विषय हवा की नको, ते मोजून द्यायचं. वीस विधानांची मापनी. प्रत्येक विधानापुढे पाच रकाने, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत. दहा विधानं विषयाच्या बाजूची, दहा विरोधातली. जास्तीत जास्त गुण शंभर, आणि साठ म्हणजे ना इकडे ना तिकडे. वर्गाची सरासरी साठ किंवा वर आली तर विषय राहील. खाली आली तर पुढच्या वर्षीपासून तास बंद. एक पुस्तिका छापतील, ती ज्याने त्याने घरी वाचायची.

मापनी मी करायची, भरून मी घ्यायची, मोजायचीही मीच. स्वतःच्या फाशीचा दोर वळून, लांबी तपासून, सही करून द्यायचा.

‘आणि मॅडम, विरोधी विधानं नीट विरोधी ठेवा हं,’ परिपत्रक म्हणाले. मापनी कशी करतात हे मी पहिल्या सत्रात शिकवते, तेही माझ्याच गळ्यात आहे.

५ नोव्हेंबर, गुरुवार

भरून घेतल्या. बारा मिनिटांत चाळीस जणांनी माझं भवितव्य उरकलं. कोऱ्या प्रती उरल्या त्यांच्यासह गठ्ठा घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला.

आई शेंगा सोलत होती. ‘हे काय गं?’

‘मुलांना माझा विषय हवाय का ते विचारलंय.’

‘मग तोंडाने विचारायचं. एवढे कागद कशाला?’

‘तोंडावर खोटं बोलतात.’

‘आणि कागदावर?’

आईने हात पुसले, चष्मा लावला आणि एक कोरी प्रत घेऊन बोट ठेवत वाचू लागली. तिला वाचता येतं, पण हळू, ओठ हलवत. लहानपणी काही महिने शाळेत गेली, मग धाकटी भावंडं सांभाळायला घरी. बाबांच्या वर्गातून शेकडो मुलं पुढे गेली, पण आई स्वयंपाकघरातून बाहेर आली ती चहाचा कप घेऊन. हा किस्सा मी वर्गात सांगते. चांगला चालतो.

‘हा विषय म्हणजे मेलेल्या माणसांच्या गोष्टी,’ आईने वाचलं. ‘असं लिहिलंय?’

‘ते विरोधी विधान आहे.’

‘कशाच्या विरोधी?’

‘विषयाच्या.’

‘हं,’ ती म्हणाली आणि पुढच्या ओळीवर बोट नेलं. मग उठून तिने रात्रीची गोळी घेतली आणि कॅलेंडरवर खूण केली. बाबांची लाल-निळी पेन्सिल तिने जपून ठेवली आहे. लाल टोकाने ते वह्या तपासायचे. त्याला ती हात लावत नाही. खुणा निळ्या टोकाने.

७ नोव्हेंबर, शनिवार

चाळीस मुलं, एक्केचाळीस कागद. एकाने दोनदा भरलेला दिसतो. आणि भरलाय म्हणजे काय, वीसही विधानांना ‘पूर्ण सहमत’. ‘हा विषय प्रत्येक शिक्षकाला हवा’ सहमत, ‘या विषयाने पोट भरत नाही’ तेही सहमत. निळ्या पेन्सिलीने, एकाखाली एक, सगळ्या खुणा पहिल्या रकान्यात. हल्ली पेन कोणी वापरत नाही ते माहीत होतं, पेन्सिलीवर आले हे नवीन. यांच्या हाती उद्या लहान मुलं द्यायची.

मागच्या बाजूला ‘आणखी काही सांगायचे असल्यास’ अशी मोकळी जागा होती. एकोणचाळीस जणांनी ती मोकळीच ठेवली. येणारकाने लिहिलंय, ‘तासाची वेळ वाढवावी’. हा टोमणा आहे. आणि या पेन्सिलवाल्याने वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखी एकेक सुटी अक्षरं काढलीत: ‘फळा दिसेल असं बसवा.’

पण न वाचता भरलेला कागद नियमाने चालत नाही. कोपऱ्यात ‘बाद’ लिहिलं आणि बाजूला ठेवला.

बाकी चाळिसांची बेरीज केली. सरासरी बासष्ट.

पुन्हा केली. बासष्ट. आईला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे विषय राहिला?’ राहिला म्हटल्यावर तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मला वाटलं तिला माझ्या नोकरीची काळजी. तिला सांगितलं, नोकरी कुठे जात नव्हती, दुसरं काहीतरी शिकवायला लावलं असतं. ती म्हणाली, ‘दुसरं कशाला?’

१० नोव्हेंबर, मंगळवार

वर्गात विचारलं, ‘फळा कोणाला दिसत नाही?’ सगळे एकमेकांकडे बघत राहिले. लाजत असतील म्हणून बाक हलवायला लावले. अर्धा तास फरफट, धूळ, एकीचं बोट चेंगरलं. आता अर्धगोल झालाय.

‘आता दिसतो?’

‘मॅडम,’ येणारका म्हणाला, ‘आधीपासून दिसत होता.’

लेखी मागायचं आणि तोंडी नाकारायचं. आवाज न चढवता एवढंच म्हटलं, की मागणी कोणाची होती ते मला शोधायचं नाही. खरं तर मला ते फार शोधायचंय. एकवीस वर्षांत मी फळ्यावर लिहिलेलं कोणाला बघायचं होतं, असं पहिल्यांदाच कळतंय.

११ नोव्हेंबर, बुधवार

गुणांचा तक्ता संगणकावर उतरवायला येणारकाकडे दिला होता, त्याची बोटं भरभर चालतात. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात येऊन उभा. आत ये म्हटलं तरी चौकटीला धरून.

‘मॅडम, विरोधी विधानं उलटी मोजायची राहिलीत.’

विरोधी विधानाला ‘पूर्ण सहमत’ म्हणणाऱ्याला पाच नव्हे, एक गुण. ‘पूर्ण असहमत’ला पाच. ही गोष्ट मी दर वर्षी फळ्यावर चौकट करून लिहिते. खाली दोनदा रेघ मारते. ‘हे विसरलात तर सगळी मेहनत पाण्यात’ असं म्हणते. आणि मीच सरळ बेरीज ठोकली.

त्याने उलटून मोजलं होतं. सत्तावन्न.

‘कोणाला सांगितलंस?’

‘कोणाला नाही.’

‘मग मला तरी का सांगितलंस?’

तो थोडा घुटमळला. ‘तुम्हीच शिकवलंय ना, मॅडम.’ आणि मग, जरा आधार मिळावा म्हणून असेल, ‘आणि हे परीक्षेला येतं.’

१२ नोव्हेंबर, गुरुवार

वर्गात शिकवायला काही सुचेना. पिशवीत बाबांच्या टाचणवह्या होत्या. उद्या काय आणि कसं शिकवायचं ते आदल्या दिवशी लिहून ठेवायची त्यांची पद्धत, संध्याकाळच्या वर्गाचंसुद्धा. एरवी मी त्यातली एक नमुना म्हणून लांबून दाखवते. आज उघडून वाचली. पाठ: नदी. ‘प्रथम डोंगर. मुलांना विचारणे, पाणी वर का राहत नाही.’ समासात, ‘मागची तिघे झोपली. उद्या खिडकी उघडावी.’ दुसऱ्या दिवशी, ‘खिडकी उघडली. तिघे बाहेर बघत बसली. त्यांना बाहेरूनच नदीकडे न्यावे.’ तिसऱ्या दिवशी समास कोरा.

घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. पुढचा तास संख्याशास्त्राचा होता, साहजिक आहे. येणारकाने विचारलं, ‘मॅडम, मग त्या तिघांचं काय झालं?’ वेळकाढूपणा. मी म्हटलं, ‘हे परीक्षेला येणार नाही.’ वर्ग हसला नाही.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

बासष्टचा कागद टेबलावर आहे आणि सत्तावन्नचा ड्रॉवरमध्ये. परिपत्रक मोजून बघणार नाहीत. त्यांना मापनीची बाराखडीही नीट येत नाही. मुलगा बोलणार नाही. मी कोणाचं काय वाईट करणार आहे? चाळीस जणांना आठवड्याला तीन तास बसून ऐकावं लागेल, एवढंच.

बाबा असते तर काय म्हणाले असते हे मला पक्कं माहीत आहे, आणि म्हणूनच आज ते असायला हवे होते. पाठ असलेलं वाक्यसुद्धा माणसाच्या तोंडून ऐकावंसं वाटतं.

१६ नोव्हेंबर, सोमवार

सत्तावन्नचा कागद दिला. परिपत्रक म्हणाले, ‘अपेक्षित होतं.’ मग जरा माणसासारखे म्हणाले, ‘दोन-चार गुण इकडेतिकडे झाले असते तर मीही काही बोललो नसतो हो.’ हे आता सांगतायत.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

संध्याकाळी आईला सांगितलं, मोजण्यात चूक झाली होती, विषय गेला, पुढच्या वर्षी तास नाहीत. तिने भांडी पुसून जागेवर लावली. मग पाठमोरीच म्हणाली, ‘मला किती मिळाले?’

‘कशात?’

‘अगं, तो कागद. मी पण लिहिला होता ना. तू कॉलेजात गेल्यावर. वरच ठेवला होता गठ्ठ्याच्या.’

मी कॅलेंडरकडे बघितलं. नोव्हेंबरच्या सोळा खुणा, निळ्या, प्रत्येकीला खाली तीच छोटी शेपटी. बारा दिवस मी रोज तिथूनच तारीख बघत होते. आणि अक्षर? आईचं अक्षर मी पाहिलेलं नाही. बँकेतली सही सोडून. वाण्याची यादी ती सांगते, मी लिहिते. लवकर होतं म्हणून.

‘बाद’ लिहिलेला कागद काढला. मोजला, या वेळी उलटीसकट. दहा विधानांचे पाच-पाच, पन्नास. दहा विरोधींचे एकेक, दहा.

‘साठ,’ मी म्हटलं.

‘शंभरातले?’

‘हो.’

‘म्हणजे पास.’

‘फर्स्ट क्लास.’

तिने पदकच मिळाल्यासारखा तो कागद हातात घेतला. साठ म्हणजे ना इकडे ना तिकडे, मत नसलेल्या माणसाचे गुण, हे मी तिला सांगितलं नाही. पण राहवेना. विरोधी विधानांवर बोट ठेवून विचारलं, ‘याला सहमत कशी झालीस? “या विषयाच्या तासाला नुसतं ऐकत बसावं लागतं.”’

‘मग? बसायला मिळतं ना.’

‘“या विषयाला फार वेळ द्यावा लागतो.”’

‘माझ्याकडे काय दुसरं आहे?’

‘“हा विषय म्हणजे मेलेल्या माणसांच्या गोष्टी.”’

‘तुझे बाबा आता त्यांच्यातच ना,’ आई म्हणाली. ‘त्यांच्याबद्दल कोणी तासभर बोलणार असेल तर मी नको म्हणू?’

एकवीस वर्षं मी शिक्षणाचा इतिहास शिकवते. दहा विधानं मी विषयाच्या विरोधात लिहिली होती आणि ती दहाच्या दहा कोणाची तरी तहान होती.

मग फळ्याचं विचारलं. ती बाहेरच्या खोलीत गेली आणि स्वयंपाकघराच्या दारात, तिच्या जागी, उभी राहिली. ‘इथून बघ.’ मी बघितलं. फळ्याचा फिका चौकोन दाराच्याच भिंतीवर, बाजूला. दारातून तो दिसूच शकत नाही.

‘पोरांची तोंडं दिसायची,’ ती म्हणाली. ‘आणि ह्यांचं कोपर. लिहायला लागले की कोपर हलायचं. आवाज सगळा पाठ आहे मला, कुठला पाठ सांग, म्हणून दाखवते. पण हे लिहायचे काय, ते कधी दिसलं नाही. त्या पोरांची तोंडं अशी व्हायची, मला वाटायचं काय असेल तिथे.’

‘आत यायचं होतंस.’

‘स्वयंपाक कोण करणार? आणि गुरुजींची बायको पोरांत बसली तर पोरं हसतील.’ तिने खांदे उडवले. ‘झाडायला जायचे वर्ग सुटल्यावर. तोवर पुसलेला असायचा.’

कोण पुसायचं ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार

शनिवारी कॉलेज दुपारी सुटतं. शिपायाला म्हटलं, खोली तासभर उघडी ठेव, एक जादा तास आहे. त्याने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि किल्ली देऊन गेला.

आईने चांगल्या चपला घातल्या होत्या आणि पर्समध्ये चष्मे दोन, जवळचा आणि लांबचा. बाकांचा अर्धगोल तसाच होता. ती तीन बाकांवर बसून बघत गेली. ‘इथून चकाकतो. इथून ह्या खांबाची सावली येते. हा चांगला आहे.’ येणारकाचा बाक होता.

‘कुठला पाठ?’ मी विचारलं.

‘नदी.’

टाचणवही आणली होती, पण उघडावी लागली नाही. आईने लांबचा चष्मा लावला, घसा खाकरला, तो बाबांचाच खाकरा होता, आणि सुरू केलं. ‘हं. प्रथम डोंगर. सांगा, पाणी वर का राहत नाही? मागचे तिघे, झोपलात का?’ मी डोंगर काढला. तिने ओढे सांगितले, मी ओढे काढले. कुठे खडू मोडला असेल तिथे ती थांबायची, दुसरा घेतला असेल एवढा वेळ जाऊ द्यायची आणि पुढे म्हणायची. एके ठिकाणी म्हणाली, ‘रडू नकोस, डबा मिळेल घरी गेल्यावर,’ आणि मीच ते मूल असावं असं वाटून मागे वळून बघितलं. मला तो पाठ आठवत होता. आवाज आठवत नव्हता. मला फळा आठवतो, तिला आवाज.

नदी समुद्राला पोचली. आई बघत राहिली.

‘एवढीच?’

‘एवढीच काढायचे.’

‘कोपर किती वेळ हलायचं गं,’ ती म्हणाली. ‘मला वाटायचं, भिंतभर असेल.’

मी डाव्या टोकापासून पुन्हा सुरू केलं. डोंगर चौकटीला टेकवला. ओढे वाढवले, दोन गावं घातली, पूल घातला, बाबांनी कधीही न काढलेली होडी घातली. समुद्र उजव्या कडेपर्यंत नेला. खडू संपला तेव्हा बोटं दुखत होती आणि आईचं तोंड त्या पोरांसारखं झालं होतं. एकवीस वर्षं मी अशा तोंडांकडे पाठ करून फळ्यावर लिहीत आलेय.

‘असंच असणार,’ ती म्हणाली.

म्हटलं, चल, उशीर होतोय. फळा राहू दे, सोमवारी बघतील सगळे. येणारका विचारेल, परीक्षेला आहे का. विचारू दे.

‘राहू दे कसा?’ आई बाकाला धरून उठली. ‘तास संपला की पुसतात. रोज ऐकायचे मी. सगळी पोरं एकदम ओरडायची, मी पुसू, गुरुजी, मी पुसू.’ ती हसली. ‘आणि तुझा आवाज सगळ्यांच्या वर.’

माझा आवाज सगळ्यांच्या वर असायचा, आणि बहुतेक वेळा फळा मलाच मिळायचा. गुरुजींची मुलगी. दोन्ही हातांनी पुसायचे, कोपरेसुद्धा सोडायचे नाही. बाबा म्हणायचे, स्वच्छ. आत दारामागे आई केरसुणी घेऊन उभी असायची.

ती फळ्यापाशी गेली. माझ्याकडे वळली आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘मी पुसू?’

मी डस्टर तिच्या हातात दिलं. तिने समुद्रापासून सुरुवात केली. डोंगराशी पोचायला तिला बराच वेळ लागला. मी बाकावर बसून राहिले आणि तिचं कोपर बघत होते.